विमान कंपनीने पैसे वाचवले, मग बुलढाण्याच्या माणसाचा अख्खा दिवस का गेला?

समजा, मेहकरचा एक पोरगा आहे. हैदराबादला एका कंपनीत उद्या सकाळी दहाला त्याचा इंटरव्ह्यू आहे. घरच्यांनी विचार केला, रात्रभर रेल्वेत जागून जाण्यापेक्षा यावेळी विमानाने जाऊ दे. तिकीट महिनाभर आधी काढलं म्हणून स्वस्तात मिळालं. विमान संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून. मेहकरपासून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. दुपारीच गाडी ठरवून निघाले, सिंदखेडराजा मागे पडलं, जालना आलं आणि मोबाईलवर मेसेज वाजला. 'परिचालनाच्या कारणामुळे' विमान रद्द. पुढचं विमान उद्या.

आता हेच पुण्यात किंवा मुंबईत झालं असतं, तर पोराने दुसऱ्या कंपनीचं रात्रीचं विमान बघितलं असतं. महागात पडलं असतं, पण सकाळी पोहोचला असता. चिकलठाण्यावरून दिवसाला मोजकी विमानं सुटतात, त्यामुळे तो पर्याय इथे सहसा नसतो. उरते रात्रीची रेल्वे, तिचं तिकीट वेटिंगवर. गाडीभाडं गेलं, इंटरव्ह्यूची वेळ गेली.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा खरा आहे. कारण बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळच नाही. घाटाखालच्या मलकापूर, नांदुऱ्याच्या लोकांना जळगाव जवळ, घाटावरच्या चिखली, देऊळगावराजाच्या लोकांना संभाजीनगर, आणि शेगाव-खामगावकडच्यांना अमरावतीचं बेलोरा किंवा थेट नागपूर. शेजारी अकोल्याचं शिवणी विमानतळ आहे, पण धावपट्टीची लांबी आणि जमिनीचा प्रश्न यात ते वर्षानुवर्षं अडकून पडलंय.

म्हणजे बुलढाण्याच्या माणसाचा विमानप्रवास विमानतळावर सुरू होत नाही. तो त्याच्या आधी दोन-तीन तास, एसटीत नाहीतर भाड्याच्या गाडीत सुरू होतो. म्हणूनच विमान कंपन्यांच्या काटकसरीचा सगळ्यात मोठा फटका अशाच प्रवाशाला बसतो. तो कसा, हे समजून घेण्यासाठी आधी कंपनी नेमकी काटकसर करते कुठे, ते बघावं लागेल.

सँडविच विकून विमान कंपनी चालत नाही

काटकसर म्हटलं की आपल्याला दिसतं ते वरवरचं. जेवण बंद झालं, पाण्याच्या बाटलीऐवजी कप आला, खिडकीची सीट हवी असेल तर जादा पैसे, पंधरा किलोच्या वर बॅग गेली की जादा पैसे. सोशल मीडियावर मीम्स बनतात ते याच्यावरच. पण खरी बचत इथे होत नाही.

विमान कंपनीचा खर्च मुख्यतः चार-पाच गोष्टींवर होतो. सगळ्यात मोठा इंधनावर. भारतात एकूण खर्चाच्या साधारण तिसरा हिस्सा ते ४० टक्के इंधनावर जातो आणि त्याची किंमत कंपनीच्या हातात नसते. मग विमानाचं भाडं, कारण आपल्याकडची बहुतेक विमानं कंपन्यांच्या मालकीची नसून भाडेपट्ट्यावर घेतलेली असतात आणि ते भाडं डॉलरमध्ये द्यावं लागतं. मग देखभाल, विमानतळाचे आकार आणि कर्मचारी.

विमानाचं भाडं विमान उडो न उडो, द्यावंच लागतं. म्हणून स्वस्त विमानसेवेचा पहिला नियम असा की विमान जमिनीवर उभं राहता कामा नये. विमान उतरलं की प्रवासी उतरवायचे, साफसफाई करायची, नवे प्रवासी चढवायचे आणि अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवायचं. असं केलं की तेच विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं. ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झालेली इंडिगो याच पद्धतीवर देशातली सगळ्यात मोठी कंपनी झाली. त्यांच्या ताफ्यात बराच काळ एकाच जातीची विमानं होती, म्हणजे एअरबसची ए-३२० मालिका. एकच जात असली की वैमानिकांचं प्रशिक्षण एक, सुटे भाग एक, मेकॅनिकही कुठल्याही विमानावर चालतो.

यात वाईट काहीच नाही. उलट याच काटकसरीमुळे विमान सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं. २०२४ मध्ये भारतात देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींच्या वर गेली. त्यातले कितीतरी जण असे, ज्यांच्या घरात आधी कोणी विमानात बसलंच नव्हतं. 'एक रुपयात विमान' या जाहिराती करणाऱ्या कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ मध्ये हा रस्ता दाखवला होता, आणि तो रस्ता चुकीचा होता असं आज कोणी म्हणणार नाही.

गडबड होते ती पुढच्या पायरीवर. कारण उरलेला खर्च कापायचा तर हात जातो राखीव गोष्टींवर.

राखीव गाडी नसलेला डेपो

हे समजायला एसटी पुरते. कुठल्याही आगारात सगळ्या गाड्या आणि सगळे चालक रोज रस्त्यावर पाठवले, तर कागदावर तो डेपो एकदम कार्यक्षम दिसेल. पण एका गाडीचा पाटा तुटला, एक चालक आजारी पडला, की त्या दिवशी कुठली तरी फेरी रद्द होणारच. आणि ती कुठली होते? बुलढाणा-पुणे रद्द होत नाही. रद्द होते ती गावात मुक्कामी जाणारी. हे स्टँडवर ताटकळलेल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

विमान कंपनीतही तसंच. तिथे राखीव म्हणजे चार गोष्टी. जादा उभं ठेवलेलं एखादं विमान, घरी बसून फोनची वाट बघणारे 'स्टँडबाय' वैमानिक, सुट्या भागांचा साठा आणि वेळापत्रकात दोन फेऱ्यांमध्ये सोडलेली मोकळी वेळ. या चारही गोष्टी चांगल्या दिवशी निव्वळ वाया गेलेला पैसा वाटतात. ताळेबंद बघणाऱ्या माणसाचं पहिलं लक्ष तिथेच जातं. आणि वर्षातले बहुतेक दिवस चांगलेच असतात, त्यामुळे ते कापल्याचं कोणाला कळतही नाही.

कळतं ते वाईट दिवशी. सकाळी दिल्लीत धुकं पडलं, पहिली फेरी चाळीस मिनिटं उशिरा निघाली. मध्ये मोकळी वेळच नाही, त्यामुळे तो उशीर भरून निघत नाही, पुढच्या फेरीत वाढतो. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत तो दोन-तीन तासांचा होतो. तोवर वैमानिकाच्या ड्युटीचे तास संपतात. कायद्याने त्याला पुढे उडता येत नाही, आणि उडूही नये. दुसरा वैमानिक राखीव नाही. झालं, शेवटची फेरी रद्द. संध्याकाळी चिकलठाण्यावर येणारं विमान सकाळपासून कुठे कुठे फिरून आलेलं असतं, हे तिथे थांबलेल्या प्रवाशाला माहीत नसतं. त्याला स्वच्छ आकाश दिसतं आणि तो म्हणतो, 'हवा तर चांगली आहे, मग विमान का नाही?'

फेरी निवडतानाही हिशोब असतो. १८० प्रवाशांचं विमान रद्द करायचं की ७० प्रवाशांचं? ज्या मार्गावर दिवसाला सहा विमानं आहेत तिथले प्रवासी पुढच्या विमानात कोंबता येतात, पण तिथे स्पर्धकही असतात. लहान शहरात प्रवासी कमी आणि पर्याय नसल्यामुळे नाराज होऊन जाणार कुठे? त्यामुळे लहान शहराचं पान लवकर गळतं.

सेवेचंही तेच. नियमाने विमानात दर ५० सीटमागे एक केबिन कर्मचारी लागतो. म्हणजे ७० सीटच्या एटीआर विमानात दोघे पुरतात आणि १८६ सीटच्या ए-३२० मध्ये चौघे. बहुतेक स्वस्त कंपन्या या किमान आकड्याच्या वर जात नाहीत. जमिनीवरचा बराच स्टाफ ठेकेदार एजन्सीचा असतो. विमान रद्द झाल्यावर काउंटरवर ज्याच्यावर लोक ओरडतात, त्या पोराच्या हातात ना विमान असतं, ना दुसरं तिकीट द्यायचा अधिकार. त्यालाही बातमी स्क्रीनवरूनच कळलेली असते.

डिसेंबर २०२५ मध्ये नेमकं काय झालं?

हे सगळं देशाने एकाच आठवड्यात बघितलं. देशांतर्गत बाजारातला साधारण ६५ टक्के वाटा असलेल्या इंडिगोची विमानं डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात धडाधड रद्द होऊ लागली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या. विमानतळांवर बॅगांचे ढीग, जमिनीवर झोपलेली माणसं, हे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिले.

कारण होतं वैमानिकांच्या विश्रांतीचा नवा नियम. तो काही अचानक आला नव्हता. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केला होता. त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन निघायच्या तयारीत असलेला इंडिगोचा एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि मरण पावला. तो मृत्यू थकव्यामुळेच झाला असं सिद्ध झालेलं नाही. पण वैमानिक किती थकलेले असतात, हा विषय त्यानंतर ऐरणीवर आला.

नव्या नियमात वैमानिकाची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. 'रात्र' कशाला म्हणायचं याची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांनी विरोध केला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी दोन टप्पे ठरले. पहिला १ जुलै २०२५ पासून, दुसरा १ नोव्हेंबर २०२५ पासून.

गणित साधं होतं. विश्रांती वाढली म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना जास्त वैमानिक लागणार. एकतर भरती करा, नाहीतर फेऱ्या कमी करा. इंडिगोने हिवाळी वेळापत्रक मोठंच ठेवलं. मग डिसेंबरच्या सुरुवातीला थोडा तांत्रिक बिघाड, थोडी हवा, थोडी गर्दी एकत्र आली आणि राखीव काही नसल्यामुळे सगळं कोसळलं.

डीजीसीएच्या चौकशीत ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ फेऱ्या रद्द आणि १,८५२ फेऱ्या उशिरा, तर तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकल्याचं समोर आलं. कारणांमध्ये पहिलं कारण लिहिलं गेलं ते म्हणजे वैमानिक, विमानं आणि वेळापत्रक यांचा शेवटच्या टोकापर्यंत ताणून केलेला वापर. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला.

मधल्या काळात सरकारने कंपनीला फेऱ्या १० टक्क्यांनी कमी करायला लावल्या आणि इतर कंपन्यांनी संधी साधू नये म्हणून भाड्यावर मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, त्यापुढे आणखी. पण इंडिगोला विश्रांतीच्या काही नियमांतून फेब्रुवारीपर्यंत सूटही दिली. म्हणजे कंपनीने माणसं कमी ठेवली, आणि तोडगा म्हणून नियम काही काळ थकलेल्या माणसांच्या बाजूने न राहता कंपनीच्या बाजूने झुकला. यावर वैमानिकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला, आणि तो रास्तच होता.

हे फक्त भारतात होतं असंही नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ख्रिसमसच्या तोंडावर साउथवेस्ट कंपनीच्या सुमारे १६,९०० फेऱ्या रद्द झाल्या. बर्फाचं वादळ सगळ्यांनाच होतं, बाकीच्या कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या. साउथवेस्टला आपला कोणता वैमानिक कुठल्या शहरात आहे हेच कळेना, कारण कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक लावणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर पैसे खर्च करायचं कंपनी वर्षानुवर्षं पुढे ढकलत होती. तिथल्या सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड लावला. तोही त्यांच्या इतिहासातला मोठा दंड होता.

जळगावचं विमान येतं आणि जातं

मोठ्या कंपनीची काटकसर ही एक बाजू. घाटाखालच्या बुलढाणेकरांनी दुसरी बाजू जळगावात बघितली आहे. तिथे प्रश्न जास्तीच्या नफ्याचा नव्हता, कंपनीकडे मुळातच काही नव्हतं.

केंद्राची 'उडान' योजना २०१७ मध्ये सुरू झाली. लहान शहरातून विमान सुरू करा, अर्ध्या सीट ठरलेल्या स्वस्त भाड्यात द्या, तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजार, आणि तोटा होईल तो तीन वर्षं सरकार भरून देईल, अशी कल्पना. त्यात २३ डिसेंबर २०१७ ला मुंबई-जळगाव विमान सुरू झालं. नाव तेच, एअर डेक्कन, पण आता नव्या अवतारातली. विमान १८-१९ सीटचं. कंपनीकडे अशी विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक बिघडलं की फेरी रद्द, मुंबईत सोयीची वेळ मिळेना. काही महिन्यांत सेवा बंद. पुढे २०१९ मध्ये ट्रूजेट आली, एटीआर विमान घेऊन. २०२२ मध्ये ती कंपनीच बंद पडली. २०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय-९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुणे अशी सेवा जळगावातून सुरू केली, अलायन्स एअरने मुंबई. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहूनही अलायन्स एअरचं मुंबई विमान सुरू झालं, तेव्हा मुख्यमंत्री, दोन्ही उपमुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री असे सगळे हजर होते.

उद्घाटनाला गर्दी होते. तीन वर्षांनी काय होतं, ते कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मदत थांबल्यावरही चालू राहिले ते ५४. म्हणजे शंभरात सात.

लहान कंपनीला राखीव विमान ठेवणं परवडतच नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस असलेलं विमान एकदा रद्द झालं तर पुढचं दोन दिवसांनी. दोनदा असा अनुभव आला की शेगावचा व्यापारी पुन्हा रेल्वेचं तिकीट काढतो. मग विमान रिकामं जातं, मग कंपनी म्हणते की मागणीच नाही. खरं तर मागणी होती, भरवसा नव्हता. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली तेव्हा संभाजीनगरनेही हेच अनुभवलं. एक कंपनी गेली आणि मुंबईला जायचे पर्याय एकदम आटले.

मग हातात काय राहतं?

डीजीसीएचे नियम प्रवाशाच्या बाजूने बरेच आहेत, फक्त ते काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही.

विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते प्रवाशाने ठरवायचं. 'क्रेडिट घ्या, पुढच्या वेळी वापरा' असं सांगितलं तरी ते घेण्याची सक्ती नाही. विमान सुटायच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं नसेल, तर याच्यावर वेगळी भरपाई. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. दोन तासांहून जास्त उशीर झाला तर छोट्या प्रवासात चहा-नाश्ता द्यावाच लागतो. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा रिफंड.

यात दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे हवामान, संप, सुरक्षा अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई मिळत नाही. त्यामुळे रद्द होण्याचं कारण लेखी मागायचं, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवायचा. 'परिचालनाचं कारण' म्हणजे हवामान नव्हे.

दुसरी खाच आपल्याकडे जास्त घात करते. तिकीट काढताना प्रवाशाचा संपर्क क्रमांक दिलेला नसेल तर भरपाई देण्याचं बंधन कंपनीवर राहत नाही. बुलढाणा, खामगाव, मलकापूरकडे तिकीट बऱ्याचदा ओळखीच्या एजंटकडून किंवा सेवा केंद्रातून निघतं, आणि फॉर्मवर नंबर जातो एजंटचा. विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या मोबाईलवर येतो, तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो. तिकीट काढताना स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकायला लावणं, एवढं एक काम केलं तरी बरंच वाचतं.

जमलं तर संध्याकाळच्याऐवजी सकाळचं विमान घ्यायचं, कारण दिवसभराचा उशीर तेव्हा साचलेला नसतो. दुसऱ्या दिवशी परीक्षा, इंटरव्ह्यू किंवा परदेशाचं विमान असेल तर एक दिवस आधी निघायचं. आणि घरून निघण्याआधी विमानाच्या नंबरवरून ते विमान सध्या कुठे आहे, हे ट्रॅकिंग अॅपवर बघायचं. ते अजून दोन शहरं मागे असेल तर गाडीवाल्याला तासभर थांबायला सांगता येतं.

राहिला प्रश्न गाडीभाड्याचा. मेहकर ते चिकलठाणा आणि परत, या खर्चाची भरपाई विमानाच्या नियमांत कुठेच धरलेली नाही. तिकीट तीन हजारांचं आणि गाडीचा खर्च त्याहून जास्त, असं होऊ शकतं. कंपनीकडे आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करून भागलं नाही, तर त्यासाठी ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार जिथे कंपनीचं ऑफिस आहे तिथेच करावी लागते असं नाही, तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी फी शून्य. गाडीच्या पावतीवर तारीख आणि गाडी नंबर लिहून घेतलेला असला म्हणजे झालं.